मेणाच्या पाव्हण्याचे सर

"त्या बुढ्याले रोजच शेक देऊन राह्यले बाप्पा, तरी तो काही सुधरून नाही राह्यला."

कोबाल्ट मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेली एक म्हातारी शेजारच्या बाईला सांगत होती. खोलीचं जाड दार अर्धवट उघडं होतं. आत टेबलावर गळ्यापर्यंत चादर ओढून कोणीतरी निपचित पडलेलं तिला दिसलं होतं.

"त्याच्यासंगं कोणी येतबी नाही," शेजारची म्हणाली. "लेकरं नसतीन."

"असतीनही. असून काय करतेत!"

मी तिथेच चार्टांचा गठ्ठा घेऊन उभी होते. टेबलावर माणूस नाही, मेणाचा पुतळा आहे, एवढंच मला सांगायचं होतं. पण अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य बोलायला मला तेव्हा फार वेळ लागे आणि तोवर ती माणसं निघून जात. माझ्या मागून सर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हातारीशेजारी बाकावर टेकले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "लेकरं नाहीत त्याले, माय. पण मी हाव ना. जुळे भाऊ आहोत आम्ही."

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग फटीतून आत पाहिलं. नाक तेच होतं. तिनं हात जोडले.

सर यवतमाळच्या त्या कॅन्सरच्या दवाखान्यात फिजिसिस्ट होते. डॉक्टर नव्हते, आणि कोणी डॉक्टर म्हटलं की दुरुस्त करत. रोग्याला किती किरणं द्यायची, म्हणजे लोकांच्या भाषेत किती शेक, हे मोठे डॉक्टर ठरवत. ठरवलेली किरणं खरोखर तेवढीच, खरोखर तिथंच पोचतात का, हे पाहणं सरांचं काम. जिवंत माणसाच्या आत शिरून मोजता येत नाही. म्हणून माणसाच्या आकाराचा पुतळा करतात, त्याच्या पोटात, छातीत जागोजागी मिठाच्या खड्याएवढ्या चिप ठेवतात, त्याला रोग्यासारखाच शेक देतात आणि मग चिप काढून त्यांनी किती किरणं प्यायली ते मोजतात. पुस्तकात या पुतळ्याला फँटम म्हणतात, म्हणजे भूत. सरांनी स्टोअरकडे त्याच्यासाठी मेण मागितलं तेव्हा बाबूनं शेरा मारून अर्ज परत पाठवला होता : 'भुतास मेण कशास लागते, खुलासा व्हावा.' सरांनी शब्द बदलून 'पाहुण्यासाठी मेण' असा अर्ज केला. तो मंजूर झाला. तेव्हापासून पुतळ्याचं नाव पाव्हणा.

विकतचा पुतळा परदेशातून येतो, आणि तो धट्टाकट्टा सहाफुटी असतो. सर म्हणत, "तो साहेब आपल्या काय कामाचा? आपल्याकडं चाळीस किलोची बाई येते. मारेगावहून दोन बस बदलून आली की तिचं अर्धा किलो आणखी कमी होते." म्हणून त्यांनी स्वतःच्याच अंगावरून प्लास्टरचा साचा घेतला. ते तेवढे बारीक होते. साच्यात मेण ओतून दोन-दोन बोटं जाडीच्या चकत्या केल्या आणि डोक्यापासून मांडीपर्यंत एकावर एक रचल्या. हात नाहीत, पाय नाहीत. कणा आणि बरगड्या मात्र मेडिकल कॉलेजातून आणलेल्या, खऱ्या, कोणा बेवारस माणसाच्या. पुतळा ठेवलेल्या खोलीत शिरताना सर दारावर टकटक करत. आत पाव्हण्याशिवाय कोणी नसतानाही.

एप्रिल-मेमध्ये मेण मऊ पडे. एका वर्षी नाक बसलं होतं. मग दवाखान्यातला एकुलता एक धडका कूलर सरांनी पाव्हण्याला लावला आणि स्वतः शेजारच्या खोलीत ओला रुमाल डोक्यावर टाकून हिशेब करत बसले. बाहेरचे लोक यावरही बोलत. बाकावर बसून माणसं दुसरं करणार तरी काय?

मी तिथं तंत्रज्ञ म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण ते घरापुरतं. शाळेत मराठी बोललं की उभं करत, त्यामुळे बाहेर तोंड उघडताना मी आधी मनात वाक्य तपासून घ्यायची. सरांनी पहिल्या आठवड्यातच माझं नाव 'कॉन्व्हेंट' ठेवलं. "ओ कॉन्व्हेंट, बोला ना. इथं उभं नाही करत कोणी." मी हसायची, बोलायची नाही. दवाखान्यात मी एकटीच बाई तंत्रज्ञ, म्हणून बायांना टेबलावर घेण्याचं, त्यांच्या अंगावरच्या खुणा जुळवण्याचं काम माझं. सर बायांच्या वेळी पडद्याच्या पलीकडे भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि आकडे विचारत. बायांच्या बाबतीत माझे डोळे हेच त्यांचे डोळे होते. ही गोष्ट मला कळायला उशीर लागला.

त्यांच्या शर्टाच्या एका खिशात गवंड्याचा ओळंबा असे आणि दुसऱ्यात शिंप्याची टेप. ओळंब्यानं ते सकाळी मशीन तपासत, आणि जाता-येता व्हरांड्यातल्या तसबिरीही. दुसरा एक उद्योग म्हणजे रोज सकाळी हवेचं तापमान आणि दाब फळ्यावर लिहिणं. मोजमापाच्या यंत्रातली हवा त्यावर कमी-जास्त होते, म्हणून तो आकडा लागतो. पण लोकांना वाटे सर पाऊस सांगतात. नेरकडचा एखादा रोगी गळ्याला शेक घेऊन, बोलता येत नसताना, खुणेनं विचारे : येईल का? सर म्हणत, "दादा, मले फक्त आत्ताचा दाब ठाऊक हाये. उद्याचा नाही." तरीही लोक फळा वाचत. ती कापसाची वाईट वर्षं होती. ज्याला आकडा कळे, त्याच्याकडे लोक आशेनं पाहत.

मोजणारेही त्या वर्षांत जिल्ह्यात फार येत. गाड्या भरभरून येत, गावागावात जाऊन मेलेल्यांची नावं लिहून नेत. एकदा त्यातला एक जण आमच्याकडे आला आणि म्हणाला, आत्महत्या सोडून इतर कारणांनी किती जातात याचा अंदाजे आकडा द्या. सरांनी त्याला चहा दिला. "अंदाजे म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे साधारण."

"साधारण म्हणजे किती?"

तो माणूस चहा अर्धा ठेवून गेला.

'अंदाजे' या शब्दावर सरांचा राग होता. कोणी तो उच्चारला की ते टेप काढून त्याच्या हातात देत. मी त्यांना शेवटचं भेटले ते पुष्कळ वर्षांनी, घाटंजीला, त्यांच्या भावाच्या घरी. नवं मशीन येऊन, त्याच्याबरोबर सहाफुटी साहेबही येऊन बराच काळ झाला होता. सर खाटेवर बसले होते. मी कोण ते त्यांना आठवलं नाही. भाऊ म्हणाले, "असंच हाये आता. कधी ओळखते, कधी नाही." मी सरांना विचारलं, "कसे आहात?" त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "अंदाजे बरा हाव." मी चहा प्यायले आणि परतीची बस धरली.

पाव्हण्याची फुप्फुसं मात्र सांगायला हवीत. फुप्फुसात निम्म्याहून जास्त हवा असते, त्यामुळे तिथं मेण चालत नाही. हलकं काहीतरी भरावं लागतं. कोणी भुसा वापरतं, कोणी बूच. सर म्हणाले, यवतमाळात राहून भुसा कशाला? त्यांनी जिनिंगमधून सरकी काढलेला कापूस आणला, तोलून-दाबून दोन पिशव्यांत शिवला आणि बरगड्यांत बसवला. त्यानंतर आकडे जुळेनात. आज एक, उद्या थोडा जास्त, परवा आणखी जास्त. सरांना वाटलं मशीनच आजारी पडलं. त्यांनी झोप सोडली, भाकर अर्धी टाकून उठायला लागले. पंधरवड्यानं एका सकाळी काय मनात आलं, त्यांनी दोन्ही फुप्फुसं काढून तराजूत टाकली. वजन घटलं होतं. कापूस रोज वाळत होता. वजन वाढावं म्हणून जिनिंगवाल्यांनी त्याच्यावर पाणी मारलेलं होतं.

सर पिशवीत फुप्फुसं घालून सायकलवर जिनिंगला गेले. तोलावरचा माणूस म्हणाला, "साहेब, गाठीले मारतोच आम्ही. तुम्ही माणसाले लावसान हे काय ठाऊक?" सर परत येऊन मला म्हणाले, "कॉन्व्हेंट, त्याचंही बरोबर हाये. पाणी मारलेलं कोणाच्या छातीत जाईन, हे मारणाऱ्याले कधी ठाऊक नसते." आणि फुप्फुसं गच्चीवर वाळत घातली. त्या दिवशी मला हे वाक्य गमतीचं वाटलं होतं.

आता पाटीबद्दल. शेक सुरू करायच्या आधी रोग्याच्या अंगावर जांभळ्या शाईनं रेघा काढतात. पाच आठवडे रोज त्याच रेघांवर मशीन लावायचं. रेघा पुसल्या तर शेक भलतीकडे जातो. याची सूचना इंग्रजीत होती. तिचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. मराठी चांगलं होतं असं नाही. 'मेन्टेन' हा शब्द मी डिक्शनरीत पाहिला आणि लिहिलं : 'अंगावरील खुणा कायम ठेवाव्यात.' सरांनी वाचलं. म्हणाले, "'कायम' नोको. 'पुसू नका' म्हणा. आपल्या इकडं कायम म्हणजे कायमचं." मी मान हलवली. पण पाटी प्लास्टिकमध्ये बसवून झाली होती, आणि पुन्हा बाबूकडे जाऊन सांगावं लागलं असतं. मी ती तशीच लावली. ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवत राहिले : खुणा कायम ठेवा.

नेर तालुक्यातल्या एका तांड्यावरून एक बाई आली. पन्नाशीची. एक स्तन काढलेला, आता छातीच्या त्या बाजूला पंचवीस शेक. तांड्यात आईला याडी म्हणतात. तिच्या तांड्यावरचे सगळेच तिला याडी म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. हनुवटीवर आणि मनगटांवर हिरवं गोंदण, दंडावर पांढरे चुडे. टेबलावर चढताना ती मशीनला हात लावून पाया पडे. आठवडाभर ती धर्मशाळेत राही, शनिवार-रविवार शेक नसे तेव्हा गावी जाई, कारण वेचणी सुरू होती.

पहिला आठवडा नीट झाला. पाच शेक. दुसऱ्या सोमवारी तिनं पदर बाजूला केला तर जांभळ्या रेघा नव्हत्या. त्यांच्या जागी हिरवट-काळ्या टिंबांच्या रांगा होत्या, कडेनं सुजलेल्या.

"हे पाह्य पोरी," ती म्हणाली. "घामानं पुसून राह्यल्या होत्या. गोंदून घेतल्या शनवारी. तू म्हणे ना कायम ठेव."

मी वाकून टिंबं पाहू लागले.

"सोनंनाणं इथंच राह्यते," ती हसत म्हणाली. "गोंदण संगं येते. तुह्या रेघा वरतीबी दाखवीन मी."

छातीच्या मधोमध तिला एक तीळ होता. माझी रेघ तिळाच्या अलीकडून जात होती. गोंदणारीनं अंदाजानं ओढलेली पलीकडून, निरोग्या बाजूला दोन बोटं सरकून गेली होती. वरची रेघ गळ्याखालून दीड बोट उतरली होती. म्हणजे छातीवरची वरची पट्टी, जिथं रोग परत येतो असं सगळे घाबरतात, ती शेकाबाहेर राहणार होती, आणि खालच्या फुप्फुसाला नको तितका शेक बसणार होता. हे कळायला मला हिशेब करावा लागला नाही. बघताक्षणी कळलं.

बाहेरून सीनियर तंत्रज्ञ ओरडले, "मॅडम, झालं का? पंधरा जण हायत!"

मी मशीन गोंदणावर लावलं आणि बाहेर आले.

मी सांगणार होते. पण सांगायचं तर हे कोणाच्या शब्दामुळे झालं तेही सांगावं लागणार होतं. मंगळवारी सांगायचं तर सोमवारी का नाही सांगितलं, हेही. सांगायची गोष्ट रोज एका दिवसानं मोठी होत गेली. दर सोमवारी दोन बाजूंच्या रेघांमधलं अंतर मोजून चार्टवर लिहायचं असे. पहिल्या आठवड्यात मी साडेएकोणीस सेंटिमीटर लिहिलं होतं. दुसऱ्या सोमवारी टेप न लावता वरचा आकडा खाली उतरवला. तिसऱ्या सोमवारीही.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी सर चार्ट घेऊन माझ्यासमोर आले.

"ही बाई हाये का लोखंडी पाइप?"

"म्हणजे, सर?"

"तीन हप्ते साडेएकोणीस? माणूस जेवला की वाढते, रडला की कमी होते. आपला पाव्हणा मेणाचा हाये, तोही उन्हाळ्यात दोन मिलिमीटर फुगते. ह्या बाईचं काहूनच बदलत नाही काही?"

सरांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पडदा सारला, टेबलावरच्या याडीची छाती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "हे काय करून ठेवलं? कोणी सांगितलं गोंदायला? अडाणी लोक! कधी केलं हे?"

याडी उठून बसली होती. तिनं पदर ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही. तिला मात्र तो वाचता आला. शाळेत गेली नव्हती, पण तिनं मुली वाढवल्या होत्या.

"ह्याच सोमवारी सांजच्याला," ती म्हणाली. "बसस्टँडवर बसते एक गोंदणारी, तिच्यापाशी. पोरीले काही बोलू नका, साहेब. तिनं मना केलतं मले."

टिंबांवरच्या खपल्या केव्हाच पडल्या होत्या. तीन दिवसांचं गोंदण असं दिसत नाही. दोन मिनिटं नीट पाहिलं असतं तर कोणालाही कळलं असतं. पण डॉक्टरांना वॉर्डात जायचं होतं आणि सर, नेहमीसारखे, भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"म्हणजे मंगळवार आणि बुधवार," डॉक्टर म्हणाले. "दोन शेक चुकीचे गेले." त्यांनी चार्टवर 'दोन' लिहिलं, शेक थांबवायला सांगितला आणि सोमवारपर्यंत नुकसान किती ते मोजून द्या, असं सरांना सांगून गेले.

याडीला वाटलं तिनं मला वाचवलं. त्या 'दोन'वर तिचे पुढचे शेक ठरणार होते, हे तिला ठाऊक नव्हतं. दोनच असतील तर काही करायचं नव्हतं, जुन्या रेघांवर पुढे जायचं. खरा आकडा त्याच्या चौपट होता. तेवढ्या दिवसांची ती वरची पट्टी उपाशी राहिली होती, तिला वेगळा शेक द्यावा लागणार होता, फुप्फुस झाकावं लागणार होतं. नाही दिला, तर काय होतं ते मी त्याच बाकांवर परत आलेल्या बायांमध्ये पाहिलं होतं.

संध्याकाळी सर माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी स्वतःचे दोन्ही कान धरले.

"कॉन्व्हेंट, माझं चुकलं. सोमवारी सकाळी तुम्ही मोजलं तेव्हा रेघा बरोबरच होत्या. मी उगाच शक घेतला तुमच्यावर. माफ करा."

मी म्हणाले, "इट्स ओके, सर." एवढंच.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. याडी गावी गेली नाही. धर्मशाळेच्या ओट्यावर बसून राहिली. मी दोनदा तिथून गेले. ती दोन्ही वेळा हसली.

रविवारी सकाळी दवाखाना रिकामा असताना सरांनी मला बोलावलं. पाव्हणा टेबलावर होता. सरांनी चादर काढली, घडी घातली आणि छातीच्या चकत्या एकेक उघडून चिमट्यानं चिप ठेवायला सुरुवात केली. वरच्या पट्टीत सहा, फुप्फुसाच्या कापसात आठ. मग चकत्या मिटवून म्हणाले, "आता तुम्ही काढा रेघा. जुन्या जांभळ्या, नव्या हिरव्या. मी कुठं पाह्यल्या?"

मी ब्रश घेतला. जांभळ्या रेघा काढल्या. मग तिळाच्या जागी एक टिंब दिलं आणि त्याच्या पलीकडून हिरवी ओढली. वरची दीड बोट खाली, डाव्या टोकाला थोडी वळलेली, कारण गोंदणारीचा हात तिथं वळला होता. माझा हात कुठंच थांबला नाही.

सर बघत होते. "दोन दिवसांत इतकं पाठ झालं?" ते म्हणाले. चेष्टेनं म्हणाले की आणखी कशानं, ते मला आजही सांगता येत नाही. मी ब्रश धूत राहिले.

आधी जांभळ्या रेघांवर एक शेक दिला. चिप बदलल्या. मग हिरव्या रेघांवर एक. आम्ही बाहेर काचेशी उभे राहून टायमरचा काटा उतरताना पाहत होतो. मग सर चिप तापवून त्यांतून निघणारा उजेड मोजायला बसले. प्रत्येक चिप तीनदा. दुपार झाली. त्यांनी डबा उघडला, भाकरीचा अर्धा तुकडा माझ्यापुढे ठेवला आणि खाता खाता लिहीत राहिले. मी तुकडा हातात धरून बसले.

अखेर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. हिरव्या रेघांवर वरच्या पट्टीला एका शेकामागे निम्मंही पोचत नव्हतं. फुप्फुसाचा आकडा दीडपट होता.

"एका दिवसाचं हे," ते म्हणाले. "आता किती दिवस, त्यानं गुणायचं. दोन." त्यांनी गुणाकाराचं चिन्ह काढलं. "दोनानं काही बिघडत नाही. वाचली आपली याडी. उद्यापासून जुन्या रेघांवर घेऊ."

ते खुशीत होते. अशा खुशीत मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं. चष्मा पुसून त्यांनी पेन पुन्हा उचललं आणि मान वर न करता म्हणाले, "हा कागद आता कोणी पुन्हा पाहणार नाही, कॉन्व्हेंट. डॉक्टर सही करतीन, फाइलीत जाईन. म्हणून नीट लिहायचा."

पेन गुणाकाराच्या चिन्हापुढे टेकलं. 'दोन'चा पहिला वळसा निघायला लागला होता. मनात मी वाक्य तपासलं, इंग्रजीत, मग मराठीत. दोन्ही भाषांत ते नीट बसेना.

"दोन नाही, सर," मी म्हणाले. "आठ. पहिल्या दिवसापासून मला दिसत होतं, आणि टेप मी लावलीच नव्हती."